शॉकअप गळतोय

पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी पंधरा-सोळा किलोमीटरची वाट म्हणजे सुटे दगड, चिखल आणि दर वळणावर आडवा येणारा ओहोळ. वर उधेवाडीत पिठलं-भाकरी पोटात गेली की माणूस ती वाट विसरतो, गाडी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन गाडी धुवायला गेलो, तर पुढच्या डाव्या शॉकअपच्या चकचकीत पाईपवर एक ओलं कडं दिसलं. पाणी असेल म्हणून पुसलं. पुढचा ब्रेक धरून हँडल चार वेळा दाबलं. कडं पुन्हा हजर. खालच्या नळीवरून तेलाचा एक बारीक ओघळ उतरला होता आणि ब्रेकच्या कॅलिपरच्या वर बोटभर अंतरावर थांबला होता.

कागदोपत्री या अवयवाचं नाव टेलिस्कोपिक फोर्क. शॉक ॲबसॉर्बर हे बोजड नाव गॅरेजच्या जिभेवर घासून घासून 'शॉकअप' झालं आणि तेच आपण वापरू. रचना साधी आहे. वरून स्टीलचा पाईप येतो, त्यावर कठीण क्रोमचा मुलामा असतो. तो ॲल्युमिनियमच्या जाड नळीत वर-खाली सरकतो. या नळीला स्पेअर पार्टच्या दुकानात 'बॉटम' म्हणतात. आत एक लांब स्प्रिंग, पाव-अर्धा लिटर तेल आणि भोकं पाडलेली एक दांडी. खड्डा आला की स्प्रिंग दबते. ती लगेच उसळी घेऊ पाहते, पण तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, म्हणून उसळी मुरते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तो पचवतं. तेल गेलं की उरतं ते मुलांचं पोगो स्टिक.

आणि हे तेल आत राखायला काय असतं? हातात घालायच्या कड्यापेक्षा जरा लहान रबराचं एक रिंगण, ज्याची जोडी काही शे रुपयांत मिळते.

पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं. सील आणलं, सुट्टीचा दिवस घालवून स्वतःच्या हातांनी बदललं आणि स्वतःवर खूश झालो. खुशी पंधरा दिवस टिकली. तिसऱ्या आठवड्यात कडं पुन्हा ओलं. मग गाडी आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. वयामुळे आणि तोंडाच्या पट्ट्यामुळे सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"सील बदललंस. बरं केलंस. पण आधीचं कुणी फाडलं, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. हे प्रकरण त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे. सील गळतं तेव्हा ते बहुतेक वेळा मारलं गेलेलं असतं, आणि मारेकरी गाडीतच बसलेला असतो.

सील म्हणजे बाटलीचं बूच नव्हे. बूच एका जागी गच्च बसतं. सीलला मात्र सरकणाऱ्या पाईपवर तेल अडवायचं असतं. गच्च धरावं, तर पाईप अडखळत सरकेल, बारीक खडी थेट मनगटात जाणवेल आणि रबरही कोरडं घासून मरेल. सैल धरावं, तर तेल बाहेर. म्हणून चांगलं सील पाईप पूर्ण पुसत नाही. त्यावर मायक्रॉनच्या घरातला, डोळ्याला न दिसणारा तेलाचा पापुद्रा मुद्दाम राहू देतं. खरी करामत त्याच्या ओठाच्या आकारात आहे. ओठाची तेलाकडची बाजू उभ्या उताराची असते, हवेकडची बाजू तिरपी. पाईप बाहेर निघताना उभी बाजू तेल खरवडते आणि अगदी पातळ थर बाहेर सोडते. पाईप आत जाताना तिरप्या बाजूखालून तोच थर सहज आत ओढला जातो. बाहेर जाताना चिंधी, परत येताना पासोडी, असा हा एकतर्फी व्यवहार मिनिटाला शेकडो वेळा चालतो. ओठाच्या मागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग असते. रबर झिजलं तरी ती ओठ पाईपवर दाबून धरते.

ज्यांनी लहानपणी सायकलमध्ये हातपंपाने हवा भरली आहे, त्यांना याचा पूर्वज माहीत आहे. त्या पंपाच्या दांड्याला चामड्याची वाटी असायची. ती वाळली की पंप नुसता फुसफुसायचा. मग आजोबा तिला खोबरेल तेल चोपडायचे आणि पंप पुन्हा जोर धरायचा. यंत्रांमधली तेलाची सीलंही आधी चामड्याचीच होती. जर्मनीतल्या वाईनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीचा मूळ धंदा कातडी कमावण्याचा. फिरत्या दांड्यासाठीचं स्प्रिंगवालं सील १९३०च्या आसपास तिथेच आकाराला आलं. वाल्टर झिमर या इंजिनिअरवरून त्याचं नाव 'झिमरिंग' पडलं, आणि काही वर्षांत चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. योगायोग म्हणा, पण १९३५ साली जर्मनीतलीच बीएमडब्ल्यू कंपनी आर-१२ ही तेलाने उसळी मुरवणाऱ्या टेलिस्कोपिक शॉकअपची गाडी विकू लागली. पुढे जगातल्या बहुतेक गाड्यांनी हाच शॉकअप उचलला.

रस्त्यावरच्या गाडीत हे सील वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. कच्च्या वाटेवरच्या गाडीत ते आजारी पडतं, कारण तिथे पाईपची चाल लांब. हिरोची एक्सपल्स २०० घ्या, पुढे १९० मिलिमीटर. रॉयल एनफिल्डची २०१६ची हिमालयन घ्या, २०० मिलिमीटर. मोटोक्रॉसच्या शर्यतीच्या गाड्या ३००च्या आसपास जातात. जेवढी चाल लांब, तेवढा जास्त पाईप बाहेर उघडा पडतो, चिखल खातो, आणि पुढच्या खड्ड्याला तो चिखल घेऊनच सीलच्या तोंडात शिरतो.

ओला चिखल तसा निरुपद्रवी. घात होतो तो घरी आल्यावर. गाडी तशीच उभी केली की चिखल पाईपवर वाळतो, त्याचे पोपडे होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धक्क्याला ते डस्ट सीलच्या वरच्या ओठाखाली घुसतात. डस्ट सील म्हणजे तेलाच्या सीलच्या डोक्यावर बसलेला पहारेकरी. त्याच्याखालून एक कण जरी निसटला, तरी तो तेलाच्या ओठाखाली जाऊन बसतो आणि ओठ तेवढ्या जागी उचलला जातो. समुद्रकिनाऱ्याची वाळू तर याहून वाईट. तिच्यातलं क्वार्ट्झ कठीणपणात क्रोमशी बरोबरी करतं, म्हणजे ते रबर आणि पाईप दोघांनाही ओरखडतं, आणि सोबतचं मीठ त्या ओरखड्यात गंज पेरतं. अलिबाग-काशीदच्या पुळणीवर गाडी पळवून फोटो काढणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पाईप धुवावेत. फोटो नंतर टाका.

काही गाड्यांना पाईपवर रबरी भाते असतात. ते दगडाचा मार अडवतात, हे खरं. पण भाता एकदा खालून फाटला की चिखल-पाणी आत साठवणारं मडकं होतो. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत पाईप गंजत असतो. भाता असेल त्याने महिन्यातून एकदा तो वर सरकवून आत डोकवावं.

कण अडकलेला असेल तर सील बदलायचीही गरज नसते. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची, म्हणजे निगेटिव्हची पट्टी घ्यायची, तिच्या टोकाला कात्रीने छोटा आकडा कापायचा. डस्ट सील हलकेच वर उचकटायचं, सील आणि पाईपच्या मध्ये पट्टी सरकवायची, पाईपभोवती गोल फिरवायची आणि आकडा वर ओढायचा. चहाच्या गाळासारखी काळी घाण बाहेर येते. दोन-तीन फेऱ्या, मग पुसून शॉकअप पंप करून बघायचा. कडं कोरडं राहिलं तर काम फुकटात झालं. पट्टी ओठ कापणार नाही इतकी मऊ आणि ओठाखाली शिरेल इतकी पातळ असते. या कामात स्क्रूड्रायव्हर वापरणाऱ्याला काका गॅरेजबाहेर काढतात.

माझ्या बाबतीत पट्टीने काम भागलं नाही. म्हणून शॉकअप उतरवणं आलं.

गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ओंडका, पुढचं चाक अधांतरी. चाक काढण्याआधी दोन बोल्ट ढिले करून ठेवायचे, हे काकांनी बजावलं, कारण शॉकअप हातात आला की ते ढिले करायला धरायचं कशाला हा प्रश्न उरतो. पहिला म्हणजे पाईपच्या डोक्यावरचं झाकण. त्यासाठी आधी पाईप धरून ठेवणाऱ्या वरच्या टी-प्लेटचा आवळ बोल्ट सैल करायचा, नाहीतर पाईप आवळलेला राहतो आणि झाकणाचे आटे जातात. दुसरा बॉटमच्या तळाशी लपलेला ॲलन बोल्ट. तो आतली दांडी धरून ठेवतो, आणि त्याची खोड अशी की तो फिरतो पण निघत नाही, कारण त्याच्याबरोबर आतली दांडीही गोल फिरते. वरची स्प्रिंग जागेवर असेपर्यंत तिचा दाब दांडीला धरून ठेवतो. म्हणून स्प्रिंग काढायच्या आधीच या बोल्टचा पहिला आटा मोडायचा. ते विसरलं, तर फरशी पुसायच्या मॉपचा लाकडी दांडा वरून आत खुपसून दांडी दाबून धरायची आणि खालून फिरवायचं. पहिल्या खेपेला मी विसरलो होतो, त्यामुळे आमच्या मॉपचं टोक अजून गोल आहे.

कॅलिपर सोडवून दोरीने बांधून ठेवायचं, ब्रेकच्या नळीवर लटकवायचं नाही. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी ठेवायची, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. झाकण काढताना तोंड बाजूला ठेवायचं, कारण खाली स्प्रिंग दबून बसलेली असते. मग शॉकअप उलटा करून तेल ओतायचं. नवं तेल स्वच्छ, पारदर्शक असतं. माझ्यातून निघालं ते राखाडी, आणि त्याला सडक्या माशाचा वास होता. त्यात चमचमणारी बारीक भुकटी दिसली ती झिजलेल्या धातूची.

डस्ट सील उचकटलं की खाली तारेचं लॉक दिसतं. ते काढल्यावर, ज्या शॉकअपमध्ये आत बुश, म्हणजे पाईपला आधार देणारी कडी, असतात त्यात पाईप पूर्ण दाबून झटक्याने बाहेर ओढायचा. चार-पाच हिसक्यांत बुश आतून ठोकून सील बाहेर काढतो. बुश नसतील तर सील उचकटावं लागतं, तेव्हा बॉटमच्या कडेवर चिंधी ठेवा. तिथे ॲल्युमिनियमला खोक पडली तर नवं सीलही त्या खोकेतून गळेल.

पाईप बाहेर आला, काकांनी तो चिंधीने पुसला आणि माझ्या हातात दिला. "डोळे मिट. नख फिरव." अंगठ्याचं नख वरपासून खाली सरकवत नेलं. काहीच नाही. पाईप जरासा फिरवून पुन्हा. तिसऱ्या फेरीला, सील जिथे बसतं त्याच्या चार बोटं वर, नख किंचित अडलं. डोळे उघडून पाहिलं तर काही दिसेना. उन्हात तिरपा धरल्यावर तांदळाच्या कणीच्याही निम्मी एक ठिणगीसारखी जागा चमकली. राजमाचीच्या वाटेवर पुढच्याच्या चाकाखालून उडालेला दगड. क्रोमवर त्याने खड्डा पाडला होता, आणि खड्ड्याची कड वर उचलली गेली होती. प्रत्येक खड्ड्याला ही कड सीलच्या ओठावरून विळ्यासारखी जात होती. जुनं सील पालथं करून बघितलं तर ओठावर त्याच जागी उभी चीर. दोन-तीन आठवड्यांपूर्वी बसवलेल्या सीलवरही तशीच.

इलाज फार नाजूक नव्हता. दीड हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून ती उभी कड सपाट केली, तीही फक्त त्या ठिकाणी. पाईपच्या लांबीच्या दिशेने घासायचं नाही. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायचे पाट. घासायचं ते पाईपभोवती, आडवं. मग खड्ड्यात इपॉक्सीचा थेंब भरला, वाळल्यावर पुन्हा घासला. नख सुळकन पुढे गेलं. खड्डा मोठा असेल, किंवा क्रोम उडून गंजाची खळी पडली असेल, तर ही मलमपट्टी टिकत नाही. तेव्हा पाईप बदलणं किंवा पुन्हा क्रोम करून घेणं एवढंच हातात. पाईप वाकला आहे का तेही याच वेळी बघायचं. जाड काचेवर तो लोळवला आणि खालून उजेडाची फट उघडझाप करू लागली, तर पाईप वाकडा आहे.

नवं सील घेताना त्यावर छापलेले तीन आकडे वाचावेत. ४१, ५४, ११ असं लिहिलं असेल तर पाईप ४१ मिलिमीटरचा, बाहेरचा व्यास ५४, उंची ११. बसवताना पाईपच्या वरच्या धारदार कडेवर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढायची, तिला शॉकअपचं तेल लावायचं आणि तिच्यावरून सील सरकवायचं. नाहीतर बसवतानाच ओठ कापला जातो आणि दोष सीलवर येतो. अक्षरं वर, स्प्रिंगवाला ओठ खाली तेलाकडे. ठोकायला काकांकडे घासून गुळगुळीत केलेला पीव्हीसी पाईपचा तुकडा आहे. नव्या सीलवर जुनं सील ठेवायचं आणि त्यावर तुकड्याने गोल फिरत हलके ठोके द्यायचे. सील तळाला बसलं की आवाज बदलतो, 'थप्प'चा 'टक्क' होतो. लॉकची खाच पूर्ण दिसली की समजायचं, जागेवर बसलं. खालच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घालायचा. तो काही रुपयांचा असतो, आणि जुना घातला तर तळातून गळती लागते.

मग तेल. इथे बहुतेक जण पुस्तकात लिहिलेले मिलिलिटर मोजतात आणि ओततात. आत थोडं जुनं तेल चिकटून राहिलेलं असतं, त्यामुळे हिशेब चुकतो. त्यापेक्षा उंची मोजावी. स्प्रिंग बाहेर ठेवायची, पाईप हळूहळू वर-खाली करून हवेचे बुडबुडे काढायचे, पाईप पूर्ण खाली दाबायचा आणि पाईपच्या कडेपासून तेल किती खाली आहे ते पट्टीने बघायचं. दोन्ही पायांत ते अंतर अगदी सारखं हवं.

ही मोकळी जागा म्हणजे दुसरी स्प्रिंगच असते, हवेची. ढोबळ हिशेब करू. शॉकअप पूर्ण दाबल्यावर १२० मिलिमीटर हवा उरते आणि चाल २०० ची आहे, म्हणजे मोकळा असताना हवेचा स्तंभ ३२० चा. दाबल्यावर हवेचा दाब सुमारे २.७ पट होतो. आता तेल फक्त २० मिलिमीटर जास्त भरलं, तर ३०० ची हवा १०० मध्ये कोंबली जाते, म्हणजे ३ पट. शेवटच्या टप्प्यात शॉकअप लाकडासारखा कडक होतो आणि तो वाढलेला दाब सीलवरही येतो. गळतंय म्हणून वरून जास्त तेल भरणारे आपणच सीलला आणखी ढकलत असतात.

हवेचीच दुसरी गंमत लडाखला जाणाऱ्यांना भेटते. पुण्यात बंद केलेला शॉकअप साडेपाचशे मीटर उंचीवरची हवा पोटात घेऊन निघतो. खारदुंगला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. आतली हवा तेवढीच, त्यामुळे सील बाहेरच्या अंगाला फुगतं. शर्यतीच्या गाड्यांत असा साठलेला दाब काढायला झाकणावर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. आणि गाडी टेम्पोने किंवा रेल्वेच्या पार्सलने पाठवत असाल, तर पट्टा आवळून शॉकअप पूर्ण दाबून ठेवू देऊ नका. चाक आणि खालच्या टी-प्लेटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, तर पट्टा ताणलेला राहतो आणि सील तीन दिवस दाबाखाली राहत नाही.

जोडणी उलट क्रमाने, एक अपवाद सोडून. चाकाचा आस आवळल्यावर बॉटमचा आवळ बोल्ट लगेच कसायचा नाही. गाडी जमिनीवर उतरवायची, पुढचा ब्रेक धरून शॉकअप सहा-सात वेळा जोरात दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. मग तो बोल्ट. आधी कसला, तर एक पाय किंचित तिरका राहतो, पाईप सीलच्या एकाच बाजूला घासतो आणि काही महिन्यांनी पुन्हा हीच कहाणी.

ब्रेक पॅड मात्र फेकावे लागले. ओघळ बोटभर अंतरावर थांबला होता असं मला वाटलं होतं. तो थांबला नव्हता, कॅलिपरच्या मागून खाली गेला होता. पॅडने तेल प्यायलं की ते जाळून, घासून, पेट्रोलने धुऊन निघत नाही. ब्रेक लागतो, पण अर्धाच, आणि घाटात ते उतारावरच कळतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली, पॅड नवे घातले, तेव्हा काकांनी चावी परत दिली.

त्यानंतर राजमाचीला दोनदा जाऊन आलो. पाईप कोरडा आहे. टूलकिटमध्ये निगेटिव्हची एक पट्टी कायम असते, घरच्या कपाटातल्या कुणाच्या तरी लग्नाच्या पाकिटातली. उजेडाकडे धरली की पंगतीत बसलेले तीन पाहुणे दिसतात. चौथ्याचं डोकं आकडा कापताना गेलं.